चालत्या आऱ्यावर हाक मारायची नाही

कपबशी वाजली.

फार नाही. बशीच्या काठाला कपाचं बूड लागत राहावं, एवढीच. पण सकाळच्या त्या घरात दुसरा आवाज नव्हता. स्मितू गोधडीत गुरफटून झोपली होती, रस्त्यावर अजून सायकलसुद्धा गेली नव्हती, आणि ती बारीक किणकिण थांबायचं नाव घेत नव्हती. अनुराधा चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही. केली असती तर आपण ऐकलं हे मुकुंदाला कळलं असतं, आणि त्यानं चहा तसाच टाकून दिला असता. म्हणून विस्तव चांगला फुललेला असताना ती फुंकणी घेऊन फुंकत बसली. धूर डोळ्यांत गेला, ते बरंच झालं.

किणकिण थांबली. त्यानं बशी खाली ठेवून कप दोन्ही हातांत धरला असणार.

"येतो," तो म्हणाला.

"हं."

मागचं दार वाजलं. अनुराधानं फुंकणी बाजूला ठेवली आणि ती ऐकू लागली.

घराच्या मागेच टिनाचं शेड होतं. पांढुर्ण्याची संत्री दिल्ली-कलकत्त्याला ज्या लाकडी पेट्यांतून जात, त्यांच्या फळ्या तिथं कापल्या जात आणि तिथंच पेट्या ठोकल्या जात. मुकुंदाचे वडील रघुनाथराव यांनी हा आरा, लाकूड कापायची विजेवरची करवत, बसवला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दोन नेमही बसले. पहिला नेम असा की दिवसाची पहिली फळी मालकानं स्वतःच्या हातानं कापायची. मग आरा कारागिराच्या ताब्यात. दुसरा नेम त्याहून कडक. चालत्या आऱ्यावर उभ्या माणसाला हाक मारायची नाही. घर जळत असलं तरी नाही. समोरून जायचं, त्याला दिसेल असं उभं राहायचं, त्यानं मान हलवली की बोलायचं. अनुराधा लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला घरातलं काही शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

आरा सुरू झाला. रिकामा आरा बारीक आवाजात गुणगुणतो. लाकूड शिरलं की आवाज जाड होतो, घशात काही अडकल्यासारखा, आणि फळी सुटली की पुन्हा बारीक. त्या जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत अनुराधा श्वास घेत नसे. कधी कधी आरा सुरूच होऊ नये म्हणून ती देवाला लाइट जाऊ दे म्हणायची. सारं गाव लाइट गेली की शिव्या देई, आणि ही एकटी चुलीपुढे हात जोडी.

आवाज जाड झाला. राहिला, राहिला. बारीक झाला.

तिनं श्वास सोडला आणि कणिक भिजवायला घेतली.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. मुकुंदा फळी लोटत होता आणि पलीकडून गुणवंता ओढत होता. गुणवंता तिगावचा पोरगेला माणूस, हसरा, आरा चालू असताना तोंडानं शिट्टी वाजवायचा. बाहेर ट्रक लागला. ड्रायव्हर नवा होता, त्याला नेम काय माहीत? तो फाटकातून ओरडला, "ओ मुकुंदभाऊ!" आणि मुकुंदानं मागं पाहिलं. बस, तेवढंच. फळी तिरपी झाली. गुणवंताची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

गुणवंता नागपूरच्या दवाखान्यातून आला, महिना-दीड महिना घरी बसला आणि परत कामावर लागला. डाव्या हातानं खिळे ठोकायला शिकला. "आपला पाढा आता आठापर्यंतच," असं म्हणून तोच सगळ्यांना हसवी. बोटं त्याची गेली आणि तो हसत होता. मुकुंदाची दहाच्या दहा शाबूत होती आणि तो संपत चालला होता.

तो झोपत नव्हता. जेवताना घास तोंडापर्यंत नेऊन थांबे. शेडमध्ये एकटा असला की स्टुलावर बसून दोन्ही हात काखांत दाबून धरी. कोणी आलंच तर म्हणे, थंडी वाजते. फाल्गुनात थंडी! आणि त्यानं स्मितूला उचलणं बंद केलं होतं. पोरगी धावत यायची, हात वर करायची, आणि तो तिच्या डोक्यावरून कोपर फिरवल्यासारखं काहीतरी करून बाजूला व्हायचा. अनुराधाला कळायचं. त्याला स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता.

सांगणार कोणाला? डोकं बिघडलेल्यांना नेतात त्या जामसांवलीच्या मारुतीला त्याला शनिवारी नेऊन आणावं, हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पण शनिवारच्या बसमध्ये अर्धं पांढुर्णा असतं. कोणीतरी विचारणारच, "कोणापायी जाऊन राहिल्या, वयनी?" आणि संध्याकाळपर्यंत संत्र्याच्या बाजारात पोचलेलं असेल की आरेवाल्याचं डोकं फिरलं. मग पेट्या कोण सांगेल याच्याकडे? आणि हे गाव! गोटमारीत, पोळ्यानंतरच्या त्या दगडफेकीच्या जत्रेत, डोकं फुटलेला माणूस जखमेवर हळद दाबून हसत हसत पानठेल्यावर उभा राहतो, त्या गावात 'मले भेव वाटते' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

म्हणून दोघंही म्हणत नव्हते. तो तिच्यापासून लपवत होता आणि ती आपल्याला कळलंय हे त्याच्यापासून लपवत होती.

अशात एक दिवस नागपूरची ती बाई आली.

अलकाताई नाव. सुती साडी, खांद्याला शबनम, हातात पुठ्ठ्याची मोठी पिशवी. उन्हातून पायी आल्यामुळे चेहरा लाल झाला होता. मुकुंदानं ओसरीवर खुर्ची दिली, अनुराधानं पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली.

"मी एका संस्थेतून आले," अलकाताई म्हणाल्या. "मोठ्या गिरण्यांत कामगारांची विचारपूस करायला माणूस नेमलेला असतो, दवाखाना असतो. तुमच्यासारख्या पाच-सात माणसांच्या कारखान्यात काय असतं? कोणाचं मन लागत नसेल, झोप उडाली असेल, कामावर यायचीच धास्ती बसली असेल, तर तो कोणाला सांगणार? त्यासाठी आम्ही चित्रांचा एक संच केलाय. जेवणाच्या सुट्टीत मालकानं नि कामगारांनी एकत्र बसून पाहायचा, बोलायचं. मदत कुठे मिळते, तेही त्यात आहे. पण केला आम्ही नागपुरात बसून. इथे तो चालतो का, हे तुम्हीच सांगू शकता. म्हणून लहान लहान कारखान्यांना विनंती करत फिरतेय. वापरून पाहा, आणि चुका काढा."

शेडच्या दारात नत्थूजी मिस्त्री येऊन उभे होते. रघुनाथरावांच्या वेळचा माणूस, कानावर कायम पेन्सिल. ते म्हणाले, "म्हंजे ताई, परीक्षा तुमची अन् मास्तर आम्ही?"

"अगदी तसंच," अलकाताई हसल्या.

"मंग नापास करू नका म्हणसान, तं आताच सांगून ठेवतो, मी लय कडक हाये."

मुकुंदा हसला नाही. त्याचे हात काखेत गेले होते. "मॅडम, तुम्हाले पाठोलं कोणी? लेबर ऑफिसातून आल्या का? आमच्या इथं जे झालं त्याचं सगळं निपटलं. गुणवंताले इचारा पाहिजे तं."

"नाही हो, मी सरकारी नाही. मला तर माहीतही नाही काय झालं ते."

"तुम्ही सौंसरले जा. तिकडं जिनिंगवाले हायेत."

"गेले होते. दोघातिघांनी दारातूनच वाटेला लावलं." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "लोधीखेड्याच्या एका टेलरनं मात्र ठेवून घेतला. तो म्हणाला, माझी कारागीर पोरं दिवसभर खाली मान घालून बसतात, निदान चित्रं पाहायला मान तरी वर करतील."

"आम्हाले वेळ नाही. सीझन हाये," मुकुंदा उठला.

"ठेवून जा, ताई. पाहू आम्ही."

हे आपण बोललो हे अनुराधाला बोलून झाल्यावर कळलं. मुकुंदानं वळून पाहिलं. अलकाताईंनी घाईनं पिशवी भिंतीला टेकवली, कोणाचा विचार बदलायच्या आत, आणि म्हणाल्या, "सोमवारी दुपारी येते. मी मुद्दाम काही सांगणार नाही, फक्त बसून ऐकेन."

त्या गेल्यावर तो घरात आला. "तू काहून बोलली मंधात?"

"नाही म्हटलं असतं तं तिले वाटलं असतं, काहीतरी लपवून राहिले."

तो तिच्याकडे पाहत राहिला. आपण 'लपवून' म्हणायला नको होतं. पण त्यालाही ते पटलं असावं, कारण तो एवढंच म्हणाला, "हं. तेही हायेच." आणि निघून गेला. भीतीनं नाही म्हणणारा माणूस भीतीनंच हो म्हणाला.

सोमवारी दुपारी आरा बंद झाला. भुशावर पोती अंथरून सगळे बसले. नत्थूजी, गुणवंता, पेट्या ठोकणारी पंचफुला आणि दोन ओढकामाचे गडी. अलकाताई मागं एका पेटीवर. अनुराधा भाकऱ्यांचं टोपलं घेऊन गेली आणि बसायला नको नको म्हणत तिथंच टेकली. स्मितू तिच्या मांडीत. मुकुंदानं चित्रं दाखवायला घेतली नाहीत; म्हणाला, "नत्थूजी, तुम्हीच दाखवा, मास्तर ना तुम्ही." तो आपल्या स्टुलावर बसला.

पहिल्या चित्रात एक माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

"याच्या घरी कोणी गेलं काय?" पंचफुला म्हणाली.

"नाही, त्याला कामाचा ताण आहे," अलकाताईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

"ताण हाये तं डोक्याले हात लावून काहून बसला? आमच्यात असं बसलं तं सासू म्हणते, अवदसा, ऊठ."

सगळे हसले. दुसऱ्या चित्रात दोन कामगार चहा पीत बोलत होते.

"हे बेस," गुणवंता म्हणाला. "काम सोडून दोघं चहा पिऊन राहिले अन् मालक कुठी दिसत नाही. असा कारखाना कुठी हाये ताई? मले चिठ्ठी द्या, उद्याच जातो."

"तुले कोण ठेवीन? तू तं शिट्टीच वाजोशीन," नत्थूजी म्हणाले. "पण ताई, इथं एक चुकलं पाहा. दोघं मनातलं बोलून राहिले, अन् तोंडाकडं तोंड करून. माणूस असं बोलते काय? एक जण खाली पायते, अन् दुसरा त्याहून खाली. तवा कुठी शब्द फुटते."

अलकाताई भराभर मान हलवत होत्या. अनुराधाही हसली. कितीतरी दिवसांनी शेडमध्ये माणसांच्या हसण्याचा आवाज होता, आणि तिला वाटलं, बरं झालं आपण बोललो.

नत्थूजींनी तिसरं चित्र उचललं.

बंद मशीन. पुढे स्टूल. स्टुलावर पाठमोरा माणूस, मान खाली, दोन्ही हात काखांत दाबलेले.

कोणी काही म्हणायच्या आत स्मितू आनंदानं ओरडली, "आई, हे बाबा होय! बाबा अशेच बसते!"

कोणीही हसलं नाही. पंचफुला भाकरीकडे पाहू लागली. गडी एकमेकांकडे नाही, जमिनीकडे पाहत होते. आणि स्टुलावर मुकुंदा तसाच बसला होता, तस्साच, चित्रातल्यासारखा. त्यानं हात काखेतून काढले. आता ते कुठं ठेवायचे हे त्याला सुचेना.

"लय हुशार झाली पोरगी," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं ऐकून अनुराधानं स्मितूला जवळ ओढलं. "चला, झाली सुट्टी. बोलाचालीनं पेट्या होत नसते."

"मालक, जेवण व्हायचं हाये," नत्थूजी म्हणाले.

"तुम्ही जेवा ना. मी कापतो. काय, मले येत नाही कापता?"

त्यानं जाऊन हिरवं बटन दाबलं.

आरा गुणगुणू लागला. त्यानं सालईचं ओलं लाकूड उचललं आणि पाटावर टाकलं. ओलं लाकूड आऱ्याला धरतं, हे अनुराधालाही माहीत होतं. लांब लाकूड; पलीकडून ओढायला माणूस लागणार. कोणाला काही कळायच्या आत गुणवंता उठला, भाकरीचा हात पँटला पुसला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. त्याच जागी. लाकूड शिरलं. आवाज जाड झाला. गुणवंतानं टोक धरायला हात पुढे केला, तीन बोटांचा.

आणि मुकुंदानं तो हात पाहिला.

तो थांबला. लाकूड अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि त्याचे दोन्ही हात त्यावर ठेवलेले, पातं एका वितीवर. त्याला ना लोटता येईना, ना सोडता येईना. हात थरथरत होते आणि त्याबरोबर लाकूड थरथरत होतं. आऱ्याचा आवाज जाडच्या जाड राहिला, मग त्याहून जाड झाला; पट्ट्याच्या रबराचा जळका वास सुटला.

अनुराधाच्या मांडीत स्मितूनं श्वास आत घेतला. पोरगी बापाला हाक मारणार हे तिला त्या श्वासातच कळलं. तिनं पोरीच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. एवढ्या घट्ट की तळव्याला तिचे इवले दात लागले. तिकडे अलकाताई उठल्या, त्यांचंही तोंड उघडलं, आणि नत्थूजींनी नुसता पंजा वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं. इतकी माणसं, आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर तो वळेल. वळला की संपलं.

लाइट जाऊ दे. देवा, आज एकदा. आता.

लाइट गेली नाही.

तिनं स्मितूला पंचफुलाच्या पदरात कोंबलं. पंचफुलानं पोरीचं तोंड आपल्या छातीशी धरलं. अनुराधा उठली. सरळ खांबावरच्या लाल बटनाकडे धावावंसं वाटत होतं, पण ती वाट त्याच्या पाठीमागून जात होती. ती भिंतीच्या कडेकडेनं समोर गेली. पायाखाली भुसा होता, पावलं वाजत नव्हती. सासरे सांगत तशी ती त्याला दिसेल अशी उभी राहिली. मान हलवायची वाट पाहिली.

त्यानं मान हलवली नाही. फक्त डोळे वर केले. असे डोळे तिनं एकदाच पाहिले होते, स्मितूच्या बाळंतपणात, स्वतःचे, दवाखान्याच्या भिंतीवरल्या आरशात.

ती त्याच्या डोळ्यांतून डोळे न काढता बाजूबाजूनं खांबापर्यंत सरकली, हात मागं नेला, चाचपडली, आणि लाल बटन दाबलं.

आरा लगेच थांबत नाही. उतरत जातो. तो उतरेपर्यंत कोणी हललं नाही. पातं लाकडात रुतून उभं राहिलं, आणि तेव्हा कुठं गुणवंतानं पुढं येऊन मुकुंदाचे हात एक एक करून लाकडावरून सोडवले.

मुकुंदा भुशात खाली बसला.

"माह्यानं नाही होत, नत्थूजी," तो म्हणाला. "मले लय भेव वाटते. रोज वाटते."

हेच वाक्य कोणाच्या कानावर पडू नये म्हणून तिनं इतके दिवस जिवाचा आटापिटा केला होता. आता ते सगळ्यांच्या मध्ये पडलं होतं. ती खांबाला धरून उभी राहिली.

नत्थूजींनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली. "आम्हाले माहीत हाये, मालक."

मुकुंदानं वर पाहिलं.

"हा काहून रोज पहाटेच येते म्हंता? तिगावची पहिली गाडी धरून?" त्यांनी गुणवंताकडे मान केली. "तुम्ही पहिली फळी घेतली का हा त्या खांबाजवळ उभा राहते. लाल बटनावर हात ठेवून. मीच ठेवला त्याले तिथं. थंडीपासून चालू हाये हे."

"अन् मले सांगितलं नाही?"

"कसं सांगाव, जी?" गुणवंता म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तुम्ही म्हणसान, याचीच बोटं गेली अन् हाच मले भित्रा म्हणून राहिला. अन् तुम्ही आरा बंद केला तं आम्ही कुठी जाव? मले तीन बोटाच्याले कोण ठेवते?"

अनुराधाला भिंतीपलीकडची ती सगळी सकाळ दिसली. इकडे ती चुलीपुढे श्वास धरून, तिकडे हा बटनावर हात ठेवून. मधे एक भिंत, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तिला रडू यायला हवं होतं. पण तिला आणखीच भीती वाटली. एवढ्या जणांना माहीत होतं. म्हणजे बाजारालाही असणार.

मुकुंदाला नत्थूजींनी घरात नेऊन खाटेवर टेकवलं. गडी लवकर गेले. पंचफुलानं जाताना अनुराधाचा हात दाबला आणि म्हणाली, "मी कोणाले सांगणार नाही, वयनी." कोणी विचारलं नसताना. अनुराधा ती फाटकाबाहेर वळेपर्यंत पाहत राहिली. ती बाजाराच्या वाटेनं जाते की नदीच्या, हे तिला पाहायचं होतं. ती बाजाराच्या वाटेनं गेली. घरच तिकडे होतं तिचं, दुसरीकडून जाणार कशी? तरी.

अलकाताई अंगणात नळापाशी उभ्या होत्या. चित्रं त्यांनी पिशवीत भरली होती, पण हातात धरवत नव्हती. "माझ्यामुळे आज काही भलतंच झालं असतं," त्या म्हणाल्या. "मी उगाच आले का हो?"

त्यांना धीर द्यावा असं अनुराधाला वाटलं. पण त्या चुका काढायलाच सांगून गेल्या होत्या.

"ताई, त्या चित्रात माणूस एकटाच हाये," ती म्हणाली. "त्याच्यामागं दार नाही काढलं तुम्ही. दाराआड त्याची बायको असते. तिले सगळं ऐकू येते. तिनं काय कराव, ते तुमच्या एकाही चित्रात नाही. अन् दुसरं. चित्रं पाहून झाली, माणूस बोलला. मोकळा झाला म्हणसान तुम्ही. पण उद्या सकाळ होते ना. तवाची पहिली फळी कोणी कापाव, हे कोणत्या चित्रात हाये?"

अलकाताई म्हणाल्या, "हेच मला न्यायचंय. हे नागपुरात बसून आम्हाला सुचलं नसतं." मग, हळू: "बुधवारी सौंसरला आमचे एक मनाचे डॉक्टर येतात. शाळेत बसतात. घेऊन याल त्यांना?"

"सौंसरले आमचे सोयरे हायेत. माहेरचे, सासरचे, दोन्हीकडचे."

"मग नागपूर. माझ्या घरी उतरा. बहिणीकडे चाललो म्हणून सांगा."

"विचारते," अनुराधा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. विचारायचं म्हणजे त्याच्यापुढे बसून, तोंड उघडून. इतके दिवस ती चालत्या आऱ्यापुढे उभी असल्यासारखीच तर होती, हाक न मारता. आज हाक मारली आणि तो वळून तुटलाच तर?

अलकाताई गेल्या. ऊन उतरलं. नत्थूजी जाताना ओसरीवरून बोलले, "उद्याची पहिली फळी मी घेतो, मालक. रघुनाथराव असते तं तेही हो म्हटले असते."

अनुराधानं चहा केला. या वेळी बशी दिली नाही, पेल्यात दिला. मुकुंदानं तो दोन्ही हातांनी घेतला, तिच्यादेखत, आणि हात थरथरले तरी तोंड फिरवलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

"बहिणीकडं जायचं काय आपण?" ती म्हणाली. "नागपूरले."

त्याला बहीण नव्हती आणि तिलाही. तो चहाकडे पाहत राहिला. तीही खाली पाहत होती, त्याहून खाली.

"पाहू," तो म्हणाला.

त्या एका शब्दावर किती भार टाकावा हे तिला कळेना. तिनं स्मितूला शोधलं. पोरगी दुपारपासून बापाजवळ गेली नव्हती. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, ओठांवर अजून आईच्या बोटांचा लालसर वळ. अनुराधानं हात पुढे केला. स्मितू आली, पण बापाला वळसा घालून, आणि आईच्या पदरात अर्धी लपून त्याच्याकडे बघत राहिली. मुकुंदानंही पाहिलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि एक हात तिच्याकडे नेला, अर्ध्या वाटेवर तो थांबला.

स्मितूनं त्या हाताकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, पण त्याला सगळं ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "आई, बाबालेच भेव वाटते तं मंग मले भेव वाटलं का मी कोणाजवळ जाऊ?"